लेव्हल टेस्ट

कॅसेटच्या डबीतल्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, 'बी बाजू : लेव्हल टेस्ट'. ना तारीख, ना राग, ना गाणाऱ्याचं नाव. त्याच रात्रीच्या दुसऱ्या दोन कॅसेटवर मात्र सगळं आहे. मुख्य गायकांचं नाव, राग, बंदिशींचे मुखडे, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोरे कुणी धरले होते तेसुद्धा, आणि तेही निळ्या आणि लाल अशा दोन शायांत.

त्या लेव्हल टेस्टमधला आवाज वीस वर्षांच्या राशिद खानचा आहे.

९ जानेवारी २०२४ ला ख्यालगायक राशिद खान गेले, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. चार दिवसांनी प्रभाताई अत्रे गेल्या. त्या आठवड्यात मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आत साधारण दीडशे कॅसेट होत्या, पुण्यातल्या आमच्या छोट्या म्युझिक सर्कलच्या कार्यक्रमांच्या. कलाकाराची परवानगी घेऊन, फक्त सर्कलच्या संग्रहासाठी, बाहेर कुणालाही द्यायचं नाही या अटीवर केलेलं ध्वनिमुद्रण. ते काम बारा-तेरा वर्षं माझ्याकडे होतं. सर्कल बंद पडलं तेव्हा ट्रंक माझ्या घरी आली आणि तिथेच राहिली.

सर्कलची पद्धत सगळ्या सर्कलची असते तीच. एखाद्या शाळेचं सभागृह, सतरंज्या, मागे भिंतीला टेकायला ज्येष्ठांची गर्दी, कडेला थोड्या लोखंडी खुर्च्या. पत्रिकेवर मुख्य कलाकाराचं नाव ठळक टायपात, आणि त्याच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ, 'तत्पूर्वी गायन'. त्या ओळीत कुणी तरी नवीन असायचं. कुणा बुजुर्गांचा शिष्य, कुणाची मुलगी, कुणी तरी शिफारस केलेला मुलगा. कार्यक्रम साडेसहाचा असला तरी लोक सव्वासातपर्यंत येत राहायचे. पहिल्या गायकाच्या वाट्याला दाराची उघडझाप, चपलांचे आवाज आणि 'या, इकडे जागा आहे' हे सगळं यायचं.

मैफलीची ही उतरंड मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटायची. आधी लहान, मग मोठे, शेवटी सर्वांत मोठे. सवाई गंधर्व महोत्सवातही तेच. रात्र रात्र चालायचा त्या काळात पहाटे भीमसेनजी गायला बसायचे, आणि त्यासाठी आम्ही पांघरुणं घेऊन मंडपात पडून राहायचो. संध्याकाळी पहिला कोण गायला हे विचारलंत तर मला निम्म्या वर्षांचं सांगता येणार नाही. तेव्हा मी घरी जेवत असायचो.

१९८८ च्या हिवाळ्यातल्या त्या कार्यक्रमाची पत्रिका ट्रंकेत सापडली. बारीक ओळीत आहे, 'रशीद खाँ (कलकत्ता)'. मागे-पुढे काही नाही. उस्ताद नाही, घराणं नाही. आम्हाला एवढंच कळलं होतं की मुलगा बदायूंचा आहे, निसार हुसेन खाँसाहेबांचा नातेवाईक आणि शागीर्द, आणि त्यांच्याबरोबरच कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमीत राहून शिकतो. निसार हुसेन खाँसाहेबांना आमच्यातले दोन-तीन जुने लोक चांगले ओळखून होते. ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी होते, आणि त्यांचा तराणा, म्हणजे 'तनन' अशा निव्वळ बोलांचं गाणं, ज्यांनी ऐकला होता ते त्याबद्दल बोलताना हाताने हवेत ताल धरायचे. त्यामुळे 'त्यांच्याकडचा मुलगा तराणा गाईल' एवढ्या उत्सुकतेवर पाच-सहा लोक वेळेवर आले होते.

तेव्हा आम्ही त्याला 'तो' म्हणत होतो. आता ते 'तो' लिहिताना हात अडतो, पण त्या संध्याकाळपुरता मी 'तो'च लिहिणार आहे. वीस वर्षांचा मुलगा होता तो. मंचावर चढताना खाली बघत चढला, तंबोऱ्यांना हात लावून नमस्कार केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. पहिली तार निषादाला लावून घेतली तेव्हाच पेटीवाल्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. निषाद म्हणजे मारवा किंवा पूरिया. यांतलं काहीही वीस वर्षांच्या मुलाने भरून येणाऱ्या सभागृहापुढे पहिल्यांदा गायला घेऊ नये असं त्यांचं मत असणार.

मारवा हा माणसाला उघडं पाडणारा राग आहे. पंचम नाही, म्हणजे टेकायला भिंत नाही. रिषभ कोमल आणि धैवत शुद्ध, या दोन खांबांवर सगळा डोलारा. षड्ज, म्हणजे सा, असतो, पण गायक त्याला चुकवत, लांबवत राहतो, आणि तो जेव्हा लागतो तेव्हा ऐकणाऱ्याचा अडकलेला श्वास सुटतो. वयाने पोक्त झालेल्या गायकांकडूनही मी असा मारवा ऐकला आहे ज्यात दर दोन मिनिटांनी षड्जावर येऊन दम घेतलेला असतो. या मुलाला घाई नव्हती. त्याचा आवाज वयापेक्षा पुष्कळ जड होता, खालच्या सप्तकात तर तो त्याच्या शरीरातून येतोय हेच पटत नव्हतं. रिषभावर थांबला की थांबलाच. मला आठवतं, मी रेकॉर्डरच्या काट्याकडे बघत होतो आणि काटा हलत नव्हता, एकाच जागी थरथरत होता, इतका तो स्वर स्थिर होता.

मी काट्याकडे बघत होतो. माझं त्या संध्याकाळचं काम तेच होतं.

त्या रात्रीसाठी मी तीन कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेट आणल्या होत्या. कॅसेट स्वस्त नव्हत्या. सर्कलचं बजेट पोस्टेज आणि भाड्यातच संपायचं, उरलेलं मी पदरचं घालायचो. मुख्य गायक तीन-साडेतीन तास गातील असा अंदाज होता, म्हणून कोऱ्या कॅसेट त्यांच्यासाठी राखल्या. पातळी तपासायला पिशवीत एक जुनी साठ मिनिटांची कॅसेट असायची, तिची बी बाजू मी पुन्हा पुन्हा वापरायचो. ठरलेली रीत अशी की पहिला कलाकार गात असताना त्या जुन्या कॅसेटवर थोडं रेकॉर्ड करायचं, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, आवाज किती खाली जातो आणि तानांना काटा तांबड्यात जातो का ते बघायचं, पातळी पक्की करायची आणि बंद करायचं.

मी तेच केलं. विलंबिताच्या मध्यावर बटण दाबलं. ताना सुरू झाल्यावर काटा एकदा तांबड्यात गेला, मी पातळी खाली आणली. द्रुतातल्या ताना नीट बसल्या. मग त्याने तराणा घेतला, आणि मी बंद केलं. पातळी मिळाली होती.

मुख्य गायक त्या रात्री सव्वादोन तास गायले. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. ते उत्तमच गायले, आणि हे लिहिणं त्यांच्याशी तुलना करण्यासाठी नाही. सांगायचं ते एवढंच, की तिसरी कोरी कॅसेट प्लास्टिकसुद्धा न फोडता पिशवीत परत आली. पुढे मी तिच्यावर रेडिओवरची भावगीतं भरली. ती अजून ट्रंकेत आहे, छान वाजते.

तराणा कसा होता, हे मला आता कुणालाही ऐकवता येणार नाही.

राशिद खानची निदान अकरा मिनिटं फितीवर आहेत. झाकीर हुसेन यांच्याबाबत तर माझ्याकडे तेवढीही नाहीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना, शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर त्यांना ऐकलं. मंडपाच्या अर्ध्याहून मागे बसलो होतो. लोकांनी पुढे जे त्यांच्याबद्दल सांगितलं, ते उडणारे केस, तो वेग, त्यातलं माझ्या आठवणीत फार थोडं आहे. मला आठवतो तो तबला वाजायच्या आधीचा वेळ. संतूरचे आलाप-जोड चालू असताना तबलजीला काही काम नसतं. पुष्कळसे तबलजी त्या वेळात हातोडीने गट्ठे ठोकतात, पान खातात, ओळखीच्या माणसाला मान हलवून नमस्कार करतात. अल्लारखाँसाहेबांचा हा विशीतला मुलगा दोन्ही हात मांडीवर ठेवून पाऊण तास संतूर ऐकत होता. नजर शिवजींच्या कलमांवर. एखादी जागा आली की फक्त डोळे मिटायचा. पुढे रूपकातली गत सुरू झाली आणि पहिल्या आवर्तनापासून तबला त्या आलापातूनच उगवल्यासारखा वाजला. डग्ग्याचा एक घिस्सा असा आला की माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझा गुडघा धरला.

या आठवणीला दुसरा पुरावा काहीच नाही. १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा सवाई दोन-तीन दिवसांवर आला होता, आणि मी त्या दिवसांत निम्मं घर स्टुडिओ करून बसलो होतो. कॅसेटचं काम जवळजवळ वर्षभर चाललं होतं.

ते काम कसं केलं ते सांगतो, कारण पुष्कळांच्या घरी अशा ट्रंका आहेत आणि त्यांतली फीत दर पावसाळ्याला थोडी थोडी मरते आहे.

पहिली चूक मी पहिल्याच दिवशी करणार होतो : कॅसेट उचलायची, जुन्या टेपमध्ये घालायची आणि प्ले दाबायचं. ओळखीतल्या एका तरुण ध्वनिमुद्रकाने फोनवरच थांबवलं. पस्तीस वर्षं एका जागी बसलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. बुरशी असेल तर ती डेकच्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणून आधी भिंगातून बघायचं, पांढरे ठिपके दिसले की ती कॅसेट वेगळी ठेवायची. चांगल्या कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत आणि परत, सावकाश फिरवून घ्यायच्या, म्हणजे वेढे मोकळे होतात.

माझ्या डेकचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झाला होता. तो बदलला. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, कापसाची काडी तीन वेळा तपकिरी निघाली. लेव्हल टेस्टची कॅसेट घेतली तर वेगळंच. फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा छोटा चौकोन असतो, त्याचा गोंद वाळून तो आत सुटा पडला होता. त्या कॅसेटच्या कवचाला स्क्रू नव्हते, कडा चिकटवून टाकलेल्या होत्या. ध्वनिमुद्रकाने पातळ पात्याने शिवण उकलली, फितीच्या दोन्ही चकत्या उचलून स्क्रूच्या नव्या कवचात बसवल्या. त्या दहा मिनिटांत मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

मग हेडचा कोन. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झालं त्याचं हेड आणि आताच्या डेकचं हेड यांचा कल केसभर जरी वेगळा असला तरी वरचे स्वर मंद होतात, गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं येतं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो अगदी थोडा थोडा फिरवत कानाने ठरवायचं. काय ऐकायचं, तर तंबोरा. एका जागी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, अचानक उघडली. निषाद, जोड, खर्ज, सगळं वेगळं वेगळं दिसायला लागलं. तिथे स्क्रू सोडला.

चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, साधी वेव्ह फाइल. तासाला साधारण १ जीबी जागा जाते, तेवढी जाऊ द्यावी. फितीची खरखर काढून टाकण्याचा मोह मलाच झाला होता. संगणकाने ती सहज काढली, आणि तिच्याबरोबर जवारीही काढली. तंबोऱ्याच्या वरच्या छटा आणि फितीची खरखर यांतला फरक त्या प्रोग्रॅमला कळत नव्हता. खालच्या रिषभाला आधार देणारं जे काही होतं ते गेलं आणि गळा उघड्यावर पडल्यासारखा वाटायला लागला. मूळ फाइल तशीच ठेवली. खरखर असू दे.

आणि एक गोष्ट त्या खरखरीतच सापडली. पातळ फितीवर जोरात मुद्रित झालेला आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. त्यामुळे एखाद्या शांत जागी, गायक गायच्या सेकंद-दोन सेकंद आधी, त्याचाच स्वर फार दुरून ऐकू येतो. मारव्यात शांत जागा पुष्कळ. दोन आलापांमधल्या मोकळ्या जागेत हेडफोनवर तो मुलगा आधी लांबून गातो, मग जवळून.

आता आठवणीबद्दल. पस्तीस वर्षं मी ही मैफल लोकांना सांगत आलो. सांगताना म्हणायचो की सभागृह स्तब्ध झालं होतं, टाचणी पडली तरी ऐकू आली असती. फीत तसं सांगत नाही. माझा माइक मंचाच्या कडेला, स्वतंत्र स्टँडवर होता, त्यामुळे सभागृहही त्यात आलं आहे. विलंबित चालू असताना खुर्च्या सरकतात. एक मूल रडतं आणि त्याला बाहेर नेतात. कुणीतरी खोकतं, बराच वेळ. एका सुंदर जागेवर, जिथे तो धैवतावरून निषादाला नुसता स्पर्श करून परत येतो, एकाच माणसाची 'वा' येते. एकाचीच. द्रुताच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळ्या पडतात त्या मोजता येतील इतक्या.

म्हणजे स्तब्ध मी झालो होतो, आणि तेही कदाचित नंतर कधी तरी.

त्या संध्याकाळी हजर असलेल्या तिघांना फोन केले. एकाने ठामपणे सांगितलं की पूरिया होता. दुसऱ्याला मारवा आठवत होता, पण तराणा झाला नाही असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या मित्राला मुख्य गायकांची शेवटची भैरवी शब्दांसकट आठवत होती. तत्पूर्वीचं विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'राशिद खान आपल्याकडे गायले होते?'

फितीने राग मिटवला. मारवाच. तराणाही झाला, त्याचे पहिले दोन बोल आहेत. 'तनन' येतो, तबला द्रुत तीनतालात उडी घेतो आणि 'खट्'. ते 'खट्' माझं आहे. ते मी कितीही वेळा ऐकलं तरी दर वेळी मला वाटतं की या खेपेला मी थांबेन.

मैफल चांगली होती का, म्हणजे पुढचे राशिद खान त्यात दिसतात का, असं मला मुलीने विचारलं. दिसतात, पण सगळे नाहीत. आवाज आहे, ठहराव आहे. पुढे त्यांच्या गाण्यात जी एक व्याकुळता आली, स्वर लावता लावता तो कुणाला तरी देऊन टाकल्यासारखं जे वाटायचं, ते इथे अजून नाही. ताना थोड्या पाठ केल्यासारख्या आहेत, गुरूने घोटून घेतलेल्या. एका ठिकाणी तो तान घेऊन मुखड्याला अर्धी मात्रा उशिरा येतो, आणि पुढच्याच आवर्तनात तीच तान पुन्हा घेऊन बरोबर समेवर उतरतो. कुणासाठी सिद्ध करायचं होतं ते? सभागृहात तर अर्ध्या लोकांना काही कळलंही नव्हतं. मला ती जागा सगळ्यांत प्रिय आहे. मोठे झाल्यावरच्या ध्वनिफितींत ती सापडणार नाही, तिथे ते चुकत नाहीत.

शेवटचं काम वेगाचं होतं. संगणकावर मोजलं तर षड्ज पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोन या शेजारच्या पट्ट्यांच्या मधे कुठे तरी येत होता. असं कुणी गात नाही. आधी आम्ही अँप्लिफायरच्या गुणगुणीवरून वेग काढायचा प्रयत्न केला, कारण विजेची ती गुणगुण पन्नास हर्ट्झची असायला हवी. पण त्या काळात विजेच्या ग्रिडची वारंवारताच खालीवर व्हायची, तिच्यावर भरवसा ठेवता येईना. मग माझ्या लक्षात आलं की मुख्य गायकांच्या कॅसेटही त्याच रेकॉर्डरवर, त्याच सेलवर झाल्या आहेत. ते आयुष्यभर काळी एकमध्ये गायले, त्यांची कितीतरी मुद्रणं उपलब्ध आहेत. त्यांची त्या रात्रीची फीत लावली तर तीही तेवढीच, अर्ध्या पट्टीने चढी. सेल उतरलेले असणार. रेकॉर्डर हळू फिरला म्हणून आता सगळं जलद वाजतंय, साधारण तीन टक्के.

दोघांच्याही फायली तेवढ्याच खाली आणल्या. मुलाचा आवाज आणखी जड झाला, रिषभ आणखी खोल गेला, आणि मला आठवत होता तोच आवाज समोर आला. या एका बाबतीत आठवण बरोबर निघाली.

वेग कमी केला तशी लांबीही बदलली. ११ मिनिटं ४० सेकंदांची फाइल १२ मिनिटांची झाली. वीस सेकंद जास्त.

फाइलला नाव द्यायचं होतं. ध्वनिमुद्रक म्हणाला, संग्रहात मूळ वस्तूवर जे लिहिलेलं असतं ते जसंच्या तसं नोंदवतात, आपल्याला आवडो न आवडो. म्हणून एका रकान्यात 'लेव्हल टेस्ट' तसंच ठेवलं. दुसऱ्या रकान्यात लिहिलं : राशिद खान, मारवा, विलंबिताचा उत्तरार्ध, द्रुत, तराणा (अपूर्ण), पुणे, १९८८. तबल्यावर कोण होतं ते मात्र तिघांपैकी कुणालाच आठवलं नाही, आणि पत्रिकेवर तेवढी जागा नव्हती. मी अजून विचारतो आहे.